वारीच्या वाटेवरचे आरोग्य : बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा इतिहास

संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते आणि आषाढी एकादशीला पंढरपुरात असते. सुमारे अडीचशे किलोमीटरच्या या वाटचालीचा मधला टप्पा पुणे जिल्ह्याच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जातो. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी हे या टप्प्यातले मुक्काम आहेत. पुणे सोडून चार-पाच दिवस झालेले असतात आणि पंढरी अजून दूर असते. पायांना फोड येतात, पोट बिघडते, ताप चढतो, ते याच दिवसांत. त्यामुळे प्रवासात प्रकृती कशी जपायची, या प्रश्नाचा इथला इतिहास वारीइतकाच जुना आहे. दिंडीने आपापसांत पाळलेली शिस्त, सरकारने साथीच्या भीतीने लादलेले नियम आणि या दोन्हींची अलीकडच्या काळात पडलेली गाठ, असे त्याचे तीन भाग पडतात. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी.

कोरडा मुलूख

बारामती कऱ्हा नदीच्या काठी आहे. इंदापूर तालुक्याच्या दक्षिणेला नीरा, तर उत्तरेला आणि पूर्वेला भीमा वाहते. तीन नद्यांची नावे घेतली तरी मुलूख अवर्षणाचा आहे. सह्याद्रीत पडून गेलेल्या पावसाचे उरलेसुरले ढग इथवर येतात आणि वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. पालखी बारामतीत पोहोचते ती ज्येष्ठ अमावास्येच्या सुमारास. त्या वेळी पाऊस लागून राहिलेला असेल याची खात्री नसते. उन्हाळ्याने विहिरींचे तळ उघडे पडलेले, कऱ्हेच्या पात्रात वाळू आणि पहिल्या सरीने गढूळ झालेले ओढे, अशा स्थितीत हजारो माणसे एका रात्रीसाठी एकेका गावात उतरत.

तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. त्यांनी तुकोबांच्या आणि ज्ञानेश्वरांच्या पादुका एकत्र नेण्यास आरंभ केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर महाराजांचा सोहळा वेगळा केला. ती वाट सासवड, जेजुरी, फलटणकडून गेली आणि तुकोबांची वाट पाटस, बारामती, इंदापूरकडून. त्यामुळे बारामती-इंदापूरच्या विहिरींवर, ओट्यांवर आणि धान्याच्या कणग्यांवर दरवर्षी ठरलेल्या तिथीला भार पडू लागला. तिथी ठरलेली असल्यामुळे गावांना तयारीही करता येई. विहिरीतला गाळ आधी काढून ठेवणे, ज्वारी दळून ठेवणे, ओसरी सारवून ठेवणे ही कामे पालखीच्या हिशेबाने होत.

दिंडीची शिस्त

वारीतला माणूस एकटा चालत नाही, तो दिंडीत चालतो. वीणेकरी, टाळकरी, मृदंगी, पताकाधारी, डोईवर तुळस किंवा पाण्याची घागर घेतलेल्या बाया, असा दिंडीचा क्रम असतो. खर्चासाठी प्रत्येक जण भिशी भरतो. या रचनेचा हेतू भक्तीचा आहे, पण तिने शरीरालाही वळण लावले. पहाटे काकडा, सकाळी चाल, दुपारी विसावा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग झोप. दिवसाचे हे वेळापत्रक कोणा एकाच्या लहरीवर चालत नाही. भूक लागली म्हणून कोणी मध्येच बसत नाही आणि हुरूप आला म्हणून कोणी पुढे पळत नाही. चाल अभंगाच्या ठेक्यावर असते. त्यामुळे म्हातारा आणि तरुण यांचा वेग सारखा राहतो आणि दमछाक कमी होते. मुक्कामाला पालखी पोहोचली की समाजआरती होते. त्या वेळी हरवल्या-सापडल्याची माहिती दिली जाते. त्यामुळे मागे राहिलेल्या माणसाचा शोध त्याच रात्री सुरू होतो.

गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मांस आणि मद्य घेत नाही आणि एकादशीला उपास करतो. परगावी, परक्या विहिरीवर, परक्या चुलीवर पोट सांभाळायचे तर साधे, ताजे आणि रोज तेच अन्न उपयोगी पडते. भाकरी, पिठले, वरण-भात, एखादी पातळ भाजी हा वारीचा ठरलेला स्वयंपाक. दिंडीतली काही माणसे पुढे जाऊन चूल मांडतात, त्यामुळे अन्न शिजल्यावर फार वेळ पडून राहत नाही. वाटेसाठी गाठोड्यात दशम्या असत. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात, म्हणून ती भाकरीपेक्षा जास्त दिवस मऊ राहते. जोडीला शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा आणि मेतकूट. उन्हात चालून आल्यावर गूळ-पाणी द्यायची पद्धत याच भागातल्या शेतकऱ्याच्या घरची. घामाने खचलेल्या अंगाला ते लगेच उभारी देते.

पायांची काळजी हा वारीतला स्वतंत्र विषय आहे. वाहाणांनी फोड येतात, पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि कोरड्या दिवसांत टाचांना भेगा पडतात. चिखल्यांवर मेंदी किंवा हळद-तेल, भेगांवर आमसुलाचे तेल हे घरगुती उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. रात्रीच्या मुक्कामावर आजही दिसणारे एक दृश्य जुन्या सवयीची साक्ष देते. ओट्यावर पाय पसरून म्हातारी बसलेली असते. गावातली एखादी सून तिच्या तळपायाला तेल किंवा तूप लावते आणि काशाच्या वाटीने घासत राहते. हळूहळू तळव्यावर काळसर थर जमतो. त्याने अंगातली उष्णता उतरते, अशी समजूत आहे. चोळण्याने रक्त खेळते आणि आखडलेल्या पोटऱ्या सुटतात, हे चोळून घेणाऱ्या कोणालाही कळते. ज्याचे पाय चोळायचे तो माउली, मग त्याचे गाव आणि जात विचारायची नाही, ही त्या सेवेची रीत.

काटेवाडीतला सोहळाही आरोग्याच्या जुन्या कल्पनेशी जोडलेला आहे. तिथे परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि धनगर आपल्या मेंढ्या पालखीभोवती धावत फिरवतात. या रिंगणाने कळपावर रोगराई येत नाही, अशी श्रद्धा आहे. पुढे बेलवाडीत अश्वाचे गोल रिंगण होते, आणि इंदापूरच्या रिंगणातही वारकरी धावतात, फुगड्या घालतात. आठवडाभर एकाच चालीने चालून जखडलेले अंग तिथे मोकळे होते.

पटकी आणि सरकार

दिंडीच्या शिस्तीला एक मोठी मर्यादा होती. पाण्यातून येणारा रोग डोळ्यांना दिसत नाही. १८१७ मध्ये बंगालमधून निघालेली पटकीची साथ १८१८ मध्ये दख्खनमध्ये पोहोचली आणि पुढच्या शंभर वर्षांत ती वारंवार आली. यात्रेच्या गर्दीत एका आजाऱ्याच्या मळाने विहीर दूषित झाली, की तीच विहीर पुढच्या दिंड्यांना रोग देई. वारी संपवून परतणारी माणसे तो आपापल्या गावी नेत. गावोगावी मरीआईचे गाडे सीमेबाहेर नेले जात, कारण रोग कशाने होतो हे लोकांना ठाऊक नव्हते आणि बराच काळ डॉक्टरांनाही नव्हते. लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये पटकी पाण्यातून पसरते हे दाखवले. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये तिचा जंतू ओळखला, तोही कलकत्त्यातल्या तलावाच्या पाण्यात. तोवर दूषित हवा, ओलसर जमीन आणि यात्रेकरूंची घाण अशी कारणे सांगितली जात.

१८६५ मध्ये मक्केच्या यात्रेतून पटकी युरोपात पोहोचली. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हिंदुस्थानातल्या यात्रांकडे बोट दाखवले. त्यानंतर पंढरपूरसारख्या ठिकाणांवर सरकारचे लक्ष वाढले. यात्रेकरूंवर कर बसला, तात्पुरते दवाखाने उघडले, आजाऱ्यांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था झाली. रेल्वेने प्रवास जलद झाला, तसा रोगही जलद फिरू लागला. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. तो इंदापूर तालुक्यातून भिगवणजवळून जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी कुर्डुवाडीहून पंढरपूरला छोटी रेल्वे गेली आणि काही वर्षांत दौंडहून बारामतीलाही. पायी वारकऱ्याला वाटेतल्या प्रत्येक गावचे पाणी प्यावे लागे. आगगाडीच्या यात्रेकरूला ते टळले, पण डब्यातली गर्दी नशिबी आली.

१८९६-९७ मध्ये प्लेग आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. प्रवाशांची तपासणी करणे, त्यांना अडवणे, जत्रांवर निर्बंध घालणे हे सर्व त्या कायद्याने सरकारच्या हाती आले. प्लेगच्या वेळी पुण्यात झालेल्या घरझडत्यांचा राग अजून ताजा असल्यामुळे तपासणी म्हटली की लोक बिचकत. वाल्देमार हाफकिन यांनी १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचायला सुरुवात केली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वारीला निघण्याआधी लस टोचून दाखला घेणे हा वारकऱ्याच्या तयारीचा भाग झाला. दाखला नसेल तर वाटेत टोचून घ्यावे लागे. या लशीचे संरक्षण अपुरे आणि काही महिन्यांपुरतेच असे. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतूनही पटकीच्या लशीची अट काढून टाकण्यात आली. त्याआधीच उपचारात मोठा बदल झाला होता. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर घातलेले पाणी पाजून पटकीचे रोगी वाचवले. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पुढे जलसंजीवनी म्हणून खेड्यापाड्यांत पोहोचले. आज वारीतल्या प्रत्येक आरोग्य पथकाच्या टेबलावर त्याची पाकिटे असतात.

विहीर, कालवा आणि नळ

वारीच्या वाटेवर पटकीइतका जीवघेणा नसला तरी चालणाऱ्याला अधिक छळणारा रोग होता नारू. पायऱ्या उतरून ज्या विहिरीत जावे लागते, तिथे नारू झालेल्या माणसाचा पाय पाण्यात बुडला की कृमीची पिल्ले पाण्यात सुटत. ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक पाणकिड्यात वाढत आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जात. सुमारे वर्षभराने, बहुधा पायातूनच, हातभर लांबीचा नारू बाहेर पडू लागे. म्हणजे एका आषाढीला प्यालेल्या पाण्याची शिक्षा पुढच्या आषाढीच्या तोंडावर मिळे आणि ती पायालाच. यावर उपाय लोकांच्या हाताशी होता, तो म्हणजे वस्त्रगाळ पाणी. दुपदरी धोतरातून गाळले तरी सायक्लॉप्स कापडावर राहतो. कापडाने पटकीचा धोकाही घटतो, हे बांगलादेशात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. जुन्या साडीची चौपदरी घडी वापरणाऱ्या गावांत रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसवणे आणि पाणी गाळणे यांमुळे देशातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

बारामती-इंदापूरचे पाणी बदलले ते कालव्याने. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी नीरा डाव्या कालव्याचे खोदकाम हाती घेतले गेले. १८८० च्या दशकात भाटघर धरणाच्या पाण्याने तो वाहू लागला. वाटेवरच्या गावांच्या विहिरींना पाझर आला, ऊस आला, गुऱ्हाळे आली आणि नंतर भवानीनगरसारख्या ठिकाणी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वारकऱ्याला सावली, पाणी आणि अन्नदान करणारी हाताशी पैसा असलेली गावे मिळाली. काही जमिनी पाणथळ आणि क्षारपड झाल्या आणि साचलेल्या पाण्यावर डास वाढले, ही त्याची दुसरी बाजू. कालव्याचे वाहते पाणी स्वच्छ दिसते, म्हणून ते थेट प्यायचा मोहही वाढला. त्यात वरच्या गावांची धुणी आणि गुरे येत असल्यामुळे तेही गाळून, उकळून किंवा औषध टाकूनच प्यावे लागे.

पाणी असणे आणि ते सर्वांना मिळणे या वेगळ्या गोष्टी होत्या. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना गावच्या विहिरीवर आणि धर्मशाळेत मज्जाव असे. त्यांना ओंजळीत वरून ओतलेले किंवा ओढ्याचे पाणी प्यावे लागे. रोगाचा धोका त्यांच्या वाट्याला अधिक येई, तो असा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि दवाखाने सर्वांना खुले करण्याचे धोरण स्वीकारले. तो ठराव कागदावर राहू नये म्हणून १९२७ मध्ये महाडचा सत्याग्रह करावा लागला. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली ती याच गरजेतून. १८७६ ते १९५६ या आयुष्यात त्यांनी कीर्तनाच्या आधी गाव झाडायचे, मग बोलायचे, हा क्रम सोडला नाही. स्वच्छता ही भक्तीच्या बाहेरची गोष्ट नाही, हे वारकऱ्याला त्याच्याच भाषेत सांगणारा त्यांच्याइतका मोठा शिक्षक झाला नाही. २०००-०१ मध्ये राज्याने सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले आणि पालखी मार्गावरच्या गावांनीही त्यात भाग घेतला.

आजची व्यवस्था

आता पालखी येण्याआधी आरोग्य खात्याची माणसे वाटेवरचा प्रत्येक पाणीसाठा तपासतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत आणि टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. हजार लिटरला पाच ग्रॅम हे त्याचे तोंडपाठ प्रमाण असते. आधी बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ पाण्यात सोडायची आणि निदान अर्धा तास थांबायचे. मग काचेच्या नळीत ते पाणी घेऊन क्लोरीन तपासणाऱ्या ओटी चाचणीचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. रंग आला नाही तर औषध कमी पडले, पुन्हा टाकायचे. दिंड्यांचे टँकर भरतानाही हीच चाचणी होते आणि हंड्यांसाठी मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रवाच्या बाटल्या वाटल्या जातात. हॉटेले, रसवंत्या आणि चहाच्या टपऱ्या यांच्या पाण्याचीही तपासणी होते.

शौचालयांचा प्रश्न सर्वांत उशिरा हाती घेतला गेला. पालखी गेल्यावर तळाच्या आसपासची शेते घाणीने भरत आणि पावसाने ती घाण ओढ्यात उतरे. बायकांचे हाल विशेष होत. अंधार असतानाच उठून जावे लागे, म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच कमी पीत आणि त्यातून लघवीचे विकार व उन्हाचा त्रास ओढवे. २०१५ च्या सुमारास निर्मल वारीचा उपक्रम सुरू झाला. मुक्कामाच्या गावी फिरती शौचालये उभी राहू लागली. पहाटे शिट्ट्या वाजवत स्वयंसेवक वारकऱ्यांना तिकडे वळवतात. पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी पत्रावळी गोळा करतात. पत्रावळी पानांच्या असतील तर त्यांचे खत होते, हा आग्रहही वाढला. अलीकडे महिलांसाठी न्हाणीघरे आणि सॅनिटरी नॅपकिन यांची सोय केली जाते. २०२३ पासून राज्य आरोग्य खाते 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' या नावाने मार्गावर दवाखाने उभारते.

रोगही बदलले आहेत. वारकऱ्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ असतात. रक्तदाब आणि मधुमेह असलेला माणूस घाईत गोळ्या घरी विसरतो, वाटेत दहा ठिकाणी प्रेमाने दिलेला गोड चहा आणि शिरा घेतो, मग एकादशीला उपास करतो. म्हणून पथके आता लशीचा दाखला विचारत नाहीत. गोळ्या घेतल्या का, हे विचारतात, साखर तपासतात, औषध देतात आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका जवळ ठेवतात.

पायाखालची वाटही पालटली आहे. पाटस ते तोंडले-बोंडले हा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता बारामती आणि इंदापूरमधून जातो. संत तुकाराम महाराज पालखी मार्ग म्हणून त्याच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. त्यात पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवलेली आहे. वाहनांपासून संरक्षण मिळाले, पण रुंदीकरणात जुनी झाडे गेली. विसाव्याच्या जागी वड-पिंपळाची सावली पुन्हा उभी करणे हे आता आरोग्याचेच काम आहे.

साथीने वारी थांबवण्याची वेळ पुन्हा आली ती कोरोनाच्या वर्षांत. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात १८९७ चाच साथरोग कायदा लागू झाला. त्या आषाढीला ३० जूनला आणि पुढच्या वर्षी १९ जुलैला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण झाले नाही, बेलवाडीचे मैदान रिकामे राहिले आणि सराटीला नीरा स्नानासाठी दाटी झाली नाही. शंभर वर्षांपूर्वी असा निर्णय तपासनीसांच्या बळावर अमलात आणावा लागला असता. या वेळी बहुतेक दिंड्यांनी तो स्वतःहून पाळला आणि वारकऱ्यांनी घरच्या अंगणात टाळ वाजवून एकादशी केली. २०२२ मध्ये पालखी पुन्हा पायी निघाली. तेव्हा उंडवडीपासून सराटीपर्यंतच्या गावांनी नेहमीप्रमाणे विहिरी उपसल्या, टीसीएल टाकले आणि ओट्यांवर तेलाच्या वाट्या मांडून ठेवल्या.